पॉडमॅनच्या डिस्क-रिपोर्टची टेस्ट कशी लिहावी: पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

डिस्क भरली की कंटेनर (प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या फाइलींसह वेगळ्या चौकटीत चालवण्याची सोय) वापरणाऱ्या माणसाचा हात आपोआप 'सिस्टम डीएफ' या कमांडकडे जातो. इमेज (ज्यावरून कंटेनर बनतो तो साचा) किती, कंटेनर किती, व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर ठेवलेला डेटा) किती, त्यांनी किती जागा खाल्ली आणि त्यातली किती सोडवता येईल, हे ती मोजक्या ओळींत सांगते. आपण त्या आकड्यांवर भरवसा ठेवून साफसफाई करतो. एकदा आमच्या बिल्ड मशीनची (जिथे आमचं सॉफ्टवेअर बांधलं जातं) डिस्क मध्यरात्री भरली होती. रिपोर्टमध्ये सोडवण्याजोगी जागा भरपूर दिसत होती, म्हणून सगळं झाडून काढलं. पाच मिनिटांत बिल्ड पुन्हा त्याच जागी अडकला. दोन इमेजमध्ये सामाईक असलेली जागा दोनदा धरली गेली होती, आणि मी ती दोनदा मिळेल असं समजून बसलो होतो. तेव्हापासून या एका कमांडच्या टेस्टकडे मी फार बारकाईने बघतो.

हा लेख अशी टेस्ट पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण पॉडमॅन या कंटेनर चालवणाऱ्या साधनाचं घेतलं आहे, कारण त्यात मागे कायम चालणारी सेवा नसते आणि टेस्टसाठी वेगळं भांडार (इमेज, कंटेनर, व्हॉल्यूम ठेवायची जागा) उघडणं सोपं जातं. डॉकर या दुसऱ्या कंटेनर साधनात हीच कमांड जानेवारी २०१७ मध्ये १.१३ या आवृत्तीबरोबर आली, त्यामुळे बहुतेक विचार तिथेही लागू पडतो. कमांड आणि पर्याय इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करा.

रिपोर्ट आधी नीट वाचा

'पॉडमॅन सिस्टम डीएफ' चालवल्यावर तीन ओळी येतात: इमेजेस, कंटेनर्स आणि लोकल व्हॉल्यूम्स. डॉकरमध्ये बिल्ड कॅश ही चौथी ओळ असते. प्रत्येक ओळीत एकूण नग, त्यातले अ‍ॅक्टिव्ह नग, आकार आणि रिक्लेमेबल म्हणजे सोडवण्याजोगी जागा दिसते. शेवटच्या रकान्यात कंसात टक्केवारीही असते.

नवख्यांची पहिली चूक 'अ‍ॅक्टिव्ह' या शब्दावर होते, कारण तो ओळीगणिक अर्थ बदलतो. कंटेनर चालू असेल तरच अ‍ॅक्टिव्ह. इमेज मात्र तिच्यावर एखादा कंटेनर उभा असला की अ‍ॅक्टिव्ह होते, मग तो कंटेनर बंद का पडलेला असेना. म्हणून एक इमेज आणि तिच्यावर नुसता बनवलेला, न चालवलेला एक कंटेनर एवढंच असेल, तर इमेजच्या ओळीत अ‍ॅक्टिव्ह १ आणि कंटेनरच्या ओळीत अ‍ॅक्टिव्ह ० हेच बरोबर उत्तर आहे. मी बऱ्याच जणांना हे बग समजून नोंदवताना पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट एककांची. डॉकर आणि पॉडमॅन माणसाला वाचायला देतात तो आकार १००० च्या पटीत असतो, तर लिनक्सची 'डीयू -एच' ही कमांड १०२४ च्या पटीत बोलते. २० मेबीबाइटची फाइल म्हणजे २,०९,७१,५२० बाइट. 'डीयू' तिला २० एम म्हणेल, पॉडमॅन २०.९७ एमबी म्हणेल, आणि दोन्ही बरोबर असतील. टेस्टमध्ये तुलना करायची ती बाइटमध्येच. एमबी लिहिलेल्या मजकुराशी तुलना करणारी टेस्ट आज ना उद्या दगा देते.

वेगळं भांडार

हा रिपोर्ट संपूर्ण भांडाराचा असतो. तुमच्या लॅपटॉपवर आधीच पडलेल्या तीस इमेज त्यात येणार, शेजारच्या टर्मिनलमध्ये चाललेला बिल्डही येणार. अशा ठिकाणी 'एकूण इमेज १' असं तपासणारी टेस्ट टिकू शकत नाही. मग लोक टेस्टच्या सुरुवातीला सगळ्या इमेज पुसायची ओळ घालतात, आणि एखादा सहकारी ती टेस्ट स्वतःच्या मशीनवर चालवून दिवसभराचं काम गमावतो. असं कृपया करू नका.

पॉडमॅनला '--रूट' आणि '--रनरूट' असे दोन पर्याय देता येतात. पहिला भांडार कुठे असेल ते सांगतो, दुसरा चालू अवस्थेच्या तात्पुरत्या फाइली कुठे राहतील ते. 'एमकेटेम्प -डी' ने एक रिकामी डिरेक्टरी बनवा, तिच्यात दोन पोटडिरेक्टऱ्या करा आणि प्रत्येक पॉडमॅन कमांड याच दोन पर्यायांसह चालवा. त्यासाठी सुरुवातीलाच एक छोटं बॅश फंक्शन लिहा, मी त्याला 'पीएम' म्हणतो. पुढे सगळीकडे थेट पॉडमॅन न बोलावता हेच फंक्शन बोलवायचं. एका जागी जरी विसरलात तरी ती कमांड तुमच्या खऱ्या भांडारावर चालेल.

डिरेक्टरी 'टीएमपी' मध्ये नको, 'व्हार टीएमपी' मध्ये करा. फेडोरासारख्या वितरणांत 'टीएमपी' हे रॅममध्ये असतं. तिथे कंटेनरचं भांडार उघडणं म्हणजे डिस्कची टेस्ट मेमरीवर करण्यासारखं आहे, शिवाय इमेजचे थर एकत्र जोडून दाखवणाऱ्या ओव्हरले फाइल-सिस्टमच्या काही गरजा तिथे पुऱ्या होतीलच असं नाही.

टेस्टसाठी मी बॅट्स वापरतो. हे बॅशमधलं टेस्टचं साधन सॅम स्टीफनसन यांनी २०११ मध्ये सुरू केलं, आणि २०१७ पासून समुदाय त्याची 'बॅट्स-कोअर' ही शाखा सांभाळतो. पॉडमॅनच्या स्वतःच्या सिस्टम टेस्टही बॅट्समध्येच आहेत. नवख्याला सोयीचं म्हणजे इथे टेस्ट ही कमांडची यादीच असते. एखादी कमांड अपयशी ठरली की टेस्ट पडते. 'सेटअप' हे फंक्शन प्रत्येक टेस्टआधी चालतं, 'टीअरडाउन' प्रत्येक टेस्टनंतर, ती पडली तरीही.

माल आपण मोजून ठेवायचा

सगळ्या लेखात मला कळकळीने सांगायची गोष्ट हीच आहे. इंटरनेटवरून एखादी तयार इमेज ओढायची, रिपोर्टमध्ये जो आकडा दिसेल तो कॉपी करून टेस्टमध्ये अपेक्षित म्हणून चिकटवायचा, ही टेस्ट नव्हे. रिपोर्ट चुकीचा असेल तर तुम्ही चूकच अपेक्षित म्हणून नोंदवली. वाण्याने पोत्यात किती धान्य आहे हे वजनकाट्याला विचारायचं आणि काटा बरोबर आहे का हेही त्याच काट्याला विचारायचं, तसं ते होतं. काटा तपासायचा तर वजन आपल्याला आधीच ठाऊक हवं.

ठाऊक वजनाची इमेज बनवायला नेटवर्कही लागत नाही. 'डीडी' ने 'देव यूरँडम' या यादृच्छिक बाइट देणाऱ्या फाइलमधून बरोबर २० मेबीबाइटची एक फाइल बनवा, ती 'टार' मध्ये बांधा, आणि 'पॉडमॅन इम्पोर्ट' ला ती टार फाइल आणि 'लोकलहोस्ट/बेस' हे नाव द्या. एका लेयरची (इमेज ज्या एकावर एक थरांची बनते त्यातल्या एकाच थराची), आतल्या प्रत्येक बाइटचा पत्ता असलेली इमेज तयार. 'देव झिरो' मधून शून्यांची फाइल करू नका. बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या फाइल-सिस्टमवर कॉम्प्रेशन चालू असेल तर शून्यांची फाइल डिस्कवर जवळपास जागाच घेत नाही, आणि पुढे 'डीयू' शी ताळा करताना तुम्ही बुचकळ्यात पडाल. 'ट्रंकेट' ने केलेल्या पोकळ फाइलचीही तीच गत. सांगायला आकार २० मेबीबाइट, डिस्कवर एक ब्लॉकही नाही.

आकडे काढायचे कुठून? 'पॉडमॅन सिस्टम डीएफ --फॉरमॅट जेसॉन' हा पर्याय प्रत्येक ओळीसाठी 'रॉसाइझ' आणि 'रॉरिक्लेमेबल' असे बाइटमधले नुसते आकडे देतो. जेक्यू हे जेसॉन (प्रोग्रॅमने वाचायचा ठरावीक साचा) वाचणारं साधन वापरून हवी ती ओळ निवडणारं आणि हवा तो आकडा परत देणारं एक फंक्शन लिहून ठेवा. टेबलच्या मजकुरातून 'ऑक' या रकाने वेगळे करणाऱ्या साधनाने चौथा रकाना कापणं टाळा. 'लोकल व्हॉल्यूम्स' या नावात मोकळी जागा आहे, त्यामुळे त्या ओळीत रकान्यांची मोजणी एकाने सरकते. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.

पहिली टेस्ट: रिकामं घर

सुरुवात रिकाम्या भांडारापासून करा. तिन्ही ओळींत एकूण ०, अ‍ॅक्टिव्ह ०, रॉसाइझ ०. टेस्ट फुटकळ वाटेल, पण टक्केवारी इथेच फसते. सोडवण्याजोगी जागा भागिले एकूण जागा म्हणजे शून्य भागिले शून्य. पॉडमॅन गो भाषेत लिहिलेला आहे. गोमध्ये अपूर्णांकी शून्याला शून्याने भागलं तर प्रोग्रॅम कोसळत नाही, गुपचूप 'संख्या नाही' असं मूल्य हाती येतं. ते पूर्णांकात बदललं तर काय निघेल हे गोच्या नियमांनी प्रोसेसरवर आणि कंपायलरवर सोडलं आहे. म्हणून रिकाम्या भांडारात कंसात '०%' आहे हे मजकुरातूनच तपासा. बाइट सोडून मजकूर तपासावा अशी ही एक जागा आहे.

दुसरी टेस्ट: एक इमेज, मग कंटेनर

बेस इमेज आत आली की इमेजेस एकूण १, अ‍ॅक्टिव्ह ०. आकार बरोबर २,०९,७१,५२० येईल अशी अपेक्षा ठेवू नका, थोडा जास्त येईल. टारमध्ये प्रत्येक फाइलमागे ५१२ बाइटचं शीर्षक असतं, ग्नू टार शेवट १०,२४० च्या पटीत नेऊन भरतो, आणि इमेजचं वर्णन करणाऱ्या जेसॉन फाइलींचाही थोडा भार असतो. म्हणून तपासणी पट्ट्यात करा: २,०९,७१,५२० पेक्षा कमी नको, आणि त्यावर १,००,००० बाइटपेक्षा जास्त नको. पट्टा असा निवडायचा की टार आणि जेसॉनचा किरकोळ भार त्यात मावावा, पण एखादा लेयर दोनदा मोजला गेला तर नक्की पकडला जावा. काहीजण भीतीपोटी दुप्पट-तिप्पट पट्टा ठेवतात. मग दुप्पट मोजणीचा बगही त्यातून बिनबोभाट निघून जातो.

आता 'पॉडमॅन क्रिएट' ने कंटेनर बनवा. आपल्या इमेजमध्ये चालवण्याजोगी कमांड नाही, म्हणून शेवटी काहीतरी नाव द्यावं लागेल, नाहीतर कमांडच दिली नाही अशी तक्रार येईल. कंटेनर चालवायचा नसल्याने ते नाव खोटं असलं तरी चालतं. मग 'पॉडमॅन सीपी' ने त्यात ५ मेबीबाइटची फाइल टाका. न चालणाऱ्या कंटेनरमध्येही फाइल जाते. आता कंटेनर्स एकूण १, अ‍ॅक्टिव्ह ०, आकार ५२,४२,८८० च्या किंचित वर, आणि तेवढाच रिक्लेमेबल, कारण कंटेनर बंद आहे. इमेजचा आकार जिथल्या तिथे असायला हवा. तो वाढला तर लिहिण्याचा लेयर चुकून इमेजच्या खात्यात गेला.

पॉडची (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या गटाची) टेस्ट लिहिणार असाल तर लक्षात ठेवा, पॉड बनवला की त्याचा एक इन्फ्रा कंटेनरही (पॉड धरून ठेवणारा) मोजणीत येतो. एकूण २ दिसलं तर घाबरू नका.

व्हॉल्यूमवर थोडक्यात. 'पॉडमॅन व्हॉल्यूम क्रिएट' आणि मग 'व्हॉल्यूम इम्पोर्ट' ने टारमधून ३ मेबीबाइट आत घाला. कुठल्याही कंटेनरला न जोडलेलं व्हॉल्यूम पूर्णपणे रिक्लेमेबल, अ‍ॅक्टिव्ह ०. दुसरं टोक म्हणजे चालू कंटेनरला जोडलेलं व्हॉल्यूम. त्यासाठी मात्र बिझीबॉक्ससारखी खरीखुरी छोटी इमेज लागेल. व्हॉल्यूममध्ये माल वाढला म्हणून कंटेनरच्या ओळीतला आकार वाढता कामा नये, हेही सोबत तपासून घ्या.

सामाईक लेयर: खरी परीक्षा

इथे थोडा वेळ थांबा. कंटेनर इमेजची सगळी काटकसर लेयर सामाईक असण्यात आहे, आणि हिशोब बिघडतो तोही इथेच.

दोन छोट्या कंटेनरफाइल (इमेज कशी बांधायची ते सांगणाऱ्या फाइली) लिहा. दोन्हींत पहिली ओळ 'फ्रॉम लोकलहोस्ट/बेस'. एकीत कॉपी करून १ मेबीबाइटची फाइल घाला, दुसरीत २ मेबीबाइटची. प्रत्येकीत कॉपीची एकच ओळ ठेवा, म्हणजे मधल्या टप्प्याच्या निनावी इमेज तयार होऊन मोजणी बिघडवणार नाहीत. आता भांडारात तीन इमेज आहेत: बेस २०, पहिली २१, दुसरी २२ मेबीबाइट. बेरीज केली तर ६३. डिस्कवर मात्र २० अधिक १ अधिक २, म्हणजे २३ मेबीबाइटच आहेत. बाइटमध्ये २,४१,१७,२४८. इमेजेसच्या ओळीत हाच आकडा यायला हवा. तीन इमेजचा किरकोळ भार धरून पट्टा तेवढा वाढवा, पण तो १ मेबीबाइटपेक्षा पुष्कळ खाली ठेवा.

'--व्हर्बोस' लावलं की प्रत्येक इमेजचे तीन आकार दिसतात: एकूण, सामाईक आणि स्वतःचा. पहिल्या इमेजचा सामाईक सुमारे २० आणि स्वतःचा सुमारे १ मेबीबाइट असायला हवा. प्रत्येक ओळीत सामाईक अधिक स्वतःचा बरोबर एकूण, हा ताळा प्रत्येक इमेजसाठी लावा.

आता जी टेस्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते ती. पहिल्या आणि दुसऱ्या इमेजवर एकेक कंटेनर बनवा. दोन्ही इमेज अ‍ॅक्टिव्ह झाल्या. सोडवण्याजोगी जागा काढण्याची सोपी वाटणारी रीत अशी: एकूण जागेतून वापरातल्या इमेजचे आकार वजा करा. इथे ते करून बघा. २३ वजा २१ वजा २२, म्हणजे उणे २०. डिस्कवर उणे वीस मेबीबाइट मोकळे होणार असं सांगणारा रिपोर्ट. वापरातल्या इमेजमध्ये सामाईक असलेला बेस वजाबाकीत दोनदा गेला. म्हणून दोन नियम प्रत्येक टेस्टच्या शेवटी, प्रत्येक ओळीसाठी तपासा: रिक्लेमेबल शून्यापेक्षा कमी नाही, आणि आकारापेक्षा जास्त नाही. या दोन ओळींचं फंक्शन करून ठेवा. पुढे कोणती टेस्ट लिहिताय याच्याशी त्याला देणंघेणं नाही, ते सगळीकडे लागू पडतं.

शब्द पाळला का?

रिक्लेमेबल हा आकडा म्हणजे वापरणाऱ्याला दिलेलं वचन आहे, आणि ते तपासायची सरळ रीत म्हणजे ते वसूल करणं. भांडारात दोन इमेज वापरात, एक वेगळ्याच बेसची १० मेबीबाइटची इमेज बिनवापराची, अशी मांडणी करा. रिपोर्टमधला रिक्लेमेबल लिहून ठेवा. मग बिनवापराच्या इमेज पुसणारी 'पॉडमॅन इमेज प्रून --ऑल --फोर्स' ही कमांड चालवा आणि पुन्हा रिपोर्ट घ्या. आधीचा आकार वजा नंतरचा आकार हा लिहून ठेवलेल्या वचनाएवढाच यायला हवा.

एक पाऊल पुढे जाऊन रिपोर्टबाहेरचा साक्षीदारही बोलवा. प्रूनआधी आणि प्रूननंतर भांडाराच्या डिरेक्टरीचा 'डीयू' घ्या, फरक साधारण १० मेबीबाइट असायला हवा. कंटेनर चालू असतील तर 'डीयू' ला '-एक्स' द्यायला विसरू नका. ओव्हरलेमध्ये लेयर एकदा स्वतःच्या जागी दिसतात आणि पुन्हा एकत्र जोडलेल्या माउंटमध्ये दिसतात, त्यामुळे साधा 'डीयू' तोच माल दोनदा मोजतो. '-एक्स' एकाच फाइल-सिस्टममध्ये राहतो आणि ते माउंट वगळतो. रूटशिवाय (प्रशासकाच्या अधिकारांविना) चालवत असाल तर काही फाइली तुमच्या नावावर नसून पोट-यूआयडीच्या (तुमच्या खात्याला जोडून दिलेल्या जादा वापरकर्ता-क्रमांकांच्या) नावावर असतात, म्हणून 'डीयू' ला त्या फाइली हाताळू देणाऱ्या 'पॉडमॅन अनशेअर' च्या आत चालवा.

बॅट्समध्ये पाय घसरतो त्या जागा

'रन' हे बॅट्सचं फंक्शन कमांडचं अपयश गिळून 'स्टेटस' या चलात ठेवतं. म्हणजे 'रन' वापरलं आणि स्टेटस तपासायला विसरलात, तर कमांड कोसळली तरी टेस्ट हिरवी. 'रन' च्या ओळीत पाइप लावला तर 'रन' फक्त पाइपच्या आधीच्या भागापुरतं राहतं आणि 'आउटपुट' चल पुढे रिकामं मिळतं. उद्गारचिन्हाने सुरू होणारी ओळ टेस्टच्या मध्ये असेल तर ती कधीच टेस्ट पाडत नाही, हा बॅशचा नियम आहे. अपयशच अपेक्षित असेल तर 'रन' वापरून स्टेटस तपासा. आणि 'रन' नेहमीचं आउटपुट आणि चुकांचा मजकूर हे दोन्ही प्रवाह एकत्र करतं, म्हणून एखादी इशाऱ्याची ओळ जेसॉनमध्ये मिसळून जेक्यूला गोंधळात टाकते. बॅट्स १.५ पासून '--सेपरेट-एसटीडीइआरआर' देऊन ते वेगळे ठेवता येतात.

चुकीच्या वापराचीही एक टेस्ट हवी. 'सिस्टम डीएफ' ला '--व्हर्बोस' आणि '--फॉरमॅट' एकत्र दिले तर पॉडमॅन नकार देतो आणि १२५ या कोडने बाहेर पडतो. पॉडमॅनची स्वतःची चूक सांगणारा तोच कोड आहे. 'स्टेटस शून्य नाही' एवढ्यावर थांबू नका, नेमका १२५ तपासा आणि संदेशात दोन्ही पर्यायांची नावं आहेत का तेही बघा.

सगळं हिरवं झालं की लगेच पुढे जाऊ नका. अपेक्षित आकड्यांपैकी एक मुद्दाम बिघडवा आणि टेस्ट पडते का ते बघा. मग तिसरी इमेज बनवणारी ओळ काढून बघा. मी नव्या सहकाऱ्याची टेस्ट वाचताना आधी हेच विचारतो: ही टेस्ट पडलेली तुम्ही स्वतः पाहिलीत का?

आवराआवर

'टीअरडाउन' मध्ये साधं 'आरएम -आरएफ' चालवलं की रूटशिवायच्या भांडारात परवानगी नाकारल्याच्या ओळींचा पाऊस पडतो. कारण मघाचंच, पोट-यूआयडीच्या फाइली. आधी सगळे कंटेनर '--फोर्स' ने काढा, मग 'पॉडमॅन अनशेअर आरएम -आरएफ' ने डिरेक्टरी पुसा. पुसण्याआधी डिरेक्टरीचा पत्ता ठेवलेलं चल रिकामं नाही आणि ते 'व्हार टीएमपी' पासूनच सुरू होतं, याची एक ओळ तपासणी घाला. ही ओळ तुमच्या सहकाऱ्यांच्या फाइलींसाठी आहे.

सीआयमध्ये (बदल झाला की आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेत) वेळ वाचवायला 'बॅट्स --जॉब्स' वापरून टेस्ट समांतर चालवतात, त्यासाठी ग्नू पॅरललसारखं साधन बसवलेलं असावं लागतं. प्रत्येक टेस्टचं भांडार वेगळं असेल तर आपल्या टेस्ट समांतर बिनधास्त चालतात. सामाईक भांडारावर चालणाऱ्या जुन्या टेस्टच्या ताफ्यात या टेस्ट घालायच्या असतील, तर त्या एकट्याच, क्रमाने चालतील अशा वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. शेजारच्या टेस्टने मध्येच एक कंटेनर बनवला तरी आपली मोजणी एकाने चुकते. मग कोणीतरी वैतागून 'बरोबर १' च्या जागी 'निदान १' असं लिहून ठेवतं, आणि तपासणीतला जीवच जातो.